जैसलमेरला जा, पण किल्ल्यात मुक्काम नको

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत जैसलमेरवर आलेला लेख वाचला. फोटो तर फारच भारी होते, पण शेवटी 'मुक्काम किल्ल्याच्या आतच करा, राजेशाही फील येतो' असा सल्ला दिलाय तो वाचून राहवलं नाही, म्हणून लिहायला बसले. मुलगी जोधपूरला असते त्यामुळे आमचं तिकडे जाणं-येणं चालू असतं, आणि जोधपूरहून रात्रीची गाडी पकडली की सकाळी जैसलमेर.

तर सांगायचं एवढंच की किल्ल्यात राहू नका हो. कारण पाणी! वाळवंटातल्या किल्ल्याला पाण्याची भीती म्हटलं की लोक हसतात, आमचे हेही आधी हसले होते, पण तिथल्या कुठल्याही जुन्या माणसाला विचारा, तो हेच सांगेल.

रावळ जैसलने ११५६ साली त्रिकूट टेकडीवर हे सगळं वसवलं. ९९ बुरूज, पिवळा दगड, आणि बऱ्याच ठिकाणी चुन्याचा पत्ता नाही, नुसती दगडात दगडाची खाच बसवून भिंत उभी केलीय. आणि खाली टेकडी म्हणजे आपल्या सह्याद्रीसारखा काळा कातळ नाहीये, वाळूचा दगड आणि त्यात मध्ये मध्ये चिकणमातीचे थर. पाऊस वर्षाला जेमतेम २०० मिलिमीटर, पुण्यात एकट्या जुलैत जवळपास तेवढा होतो. तरी जो काय थोडाफार पडेल तो चारी बाजूंनी बाहेर काढून द्यायला जुन्या लोकांनी घूट नाली म्हणून सोय करून ठेवलेली. आणि प्यायचं पाणी खाली गडीसर तलावावरून बायका डोक्यावरून वर आणायच्या. घागर घेऊन किल्ला चढलेलं माणूस पाणी सांडेल का? घोटाघोटाचा हिशोब असणार.

मग नळ आले, कालव्याचं पाणी आलं, चांगलंच झालं, बायकांची मरमर वाचली, त्याबद्दल कोण तक्रार करेल. पण पाठोपाठ टुरिस्ट आले आणि घरांची गेस्ट हाऊसं झाली आणि प्रत्येक खोलीला अटॅच्ड बाथरूम, कमोड, शॉवर, आणि आपण लोक दिवसभर उन्हात फिरून आलो की दोन दोन वेळा अंघोळ करणार, आठशे वर्षांत त्या टेकडीने एवढं पाणी कधी बघितलं नसेल. पाइप गळले, गटारं गळली, ते पाणी खाली मुरलं की ती चिकणमाती फुगते, सरकते आणि वरचा दगड जागा सोडतो. नव्वदच्या दशकात बुरूज ढासळले, वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड म्हणून जुन्या वास्तू जपणारी संस्था आहे, तिने १९९६ साली धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत घातलं, त्यावर २००१ चा भूज भूकंप. नंतर डागडुजी झाली, २०१३ ला राजस्थानातल्या आणखी ५ किल्ल्यांबरोबर युनेस्कोच्या यादीत नाव आलं, सगळ्यांना वाटलं आता काळजी मिटली, आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये जोराचा पाऊस झाला तर तटाचा एक भाग सरळ खालच्या रस्त्यावर आला.

मागच्या वेळी एका गल्लीत बघितलं. वर पाटी 'रूफटॉप रेस्टॉरंट, गरम पाणी २४ तास' आणि त्याच इमारतीच्या मागच्या भिंतीला पाइपचा जोड, त्याला सुतळी आणि प्लास्टिकची पिशवी गुंडाळलेली, थेंब थेंब चालूच. त्याखालचा दगड काळपट हिरवा झालेला, आणि कडेला जिथे ओल वाळली होती तिथे बोट लावलं तर दगडाची पिवळी भुकटी बोटावर आली. भिंतीचा दगड हो, पिठासारखा!

आता कुणी म्हणेल की मग तिथल्या लोकांच्या पोटावर पाय द्यायचा का. अजिबात नाही. आत हजारो लोक पिढ्यान् पिढ्या राहतात, त्यांनी घर सोडावं असं म्हणायचा आपल्याला काय अधिकार? (पन्हाळ्यावरच्या माणसाला हा प्रश्न लगेच कळेल, २०२५ ला तो किल्लाही युनेस्कोच्या यादीत आलाय आणि तिथेही लोकवस्ती आहे, लॉज आहेत, धंदे आहेत.) पण दिवसभर आत घालवा की. सकाळी लवकर सूरज पोळ, गणेश पोळ असे एकेक दरवाजे करत चढा, लोकल गाइड घ्या, जैन मंदिरं नीट बघा, आतच जेवा, केर सांगरीची तिकडची भाजी मागवा, खरेदी करा, पैसे त्यांच्याच हातात जातात. गल्ल्यांतून चालताना घरांच्या भिंतीवर रंगवलेले गणपती दिसतील, खाली नवरा-नवरीचं नाव आणि लग्नाची तारीख, म्हणजे लग्नपत्रिकाच भिंतीवर. कुठल्या घरात सून कधी आली ते गल्लीतून जाताजाता वाचता येतं, मला तर पटव्यांच्या हवेलीइतकंच ते आवडलं. फक्त झोपायला आणि अंघोळीला खाली गावात या. आणि खरं सांगू का, किल्ल्यात राहिलं की किल्ला दिसतच नाही! तो दिसतो खालून, गच्चीवर चहा घेऊन बसलं की ऊन चढेल तसा रंग बदलत जातो.

दुसरं, पॅकेजवाल्यांबद्दल. दुपारी बस पोचणार, हवेलीपुढे फोटो, की लगेच समच्या वाळूच्या टेकड्या. तिथे उंटावर दहा मिनिटं, मग टेंटमध्ये डीजे. मांगणियार लोक पिढीजात गाणारे, कमायचा, खडताल वाजवणारे, त्यांच्याकडून आपली माणसं फर्माइश करून सिनेमाची गाणी म्हणून घेतात, बघवत नाही. आणि दुसऱ्या दिवशी कुलधरा हे ओस पडलेलं गाव, तेही 'भुताचं गाव' म्हणून. गाइड सालिम सिंह दिवाणाची आणि शापाची गोष्ट रंगवून सांगतो, पोरं रील काढतात, झालं. अरे पण तिथे राहणारे पालीवाल ब्राह्मण किती हुशार शेतकरी होते ते कोण सांगणार? खडकाळ उतारावरून वाहून येणारं पावसाचं पाणी खाली लांबलचक बांध घालून अडवायचं, ते जमिनीत जिरवायचं आणि मग त्या ओलीवर गहू-हरभरा काढायचा. त्याला खडीन म्हणतात, जैसलमेर भागात अजून काही ठिकाणी चालू आहेत. २०० मिलिमीटर पावसात गहू! आपल्या मराठवाड्यातल्या, माण-खटावमधल्या शेतकऱ्यांची एखादी ट्रिप खरं तर खडीन बघायला न्यायला पाहिजे, भुतं काय कुठेही बघता येतात.

तेव्हा एक विनंती. पुरवणीत एक छोटी चौकट टाका की मुक्काम किल्ल्याबाहेर करा आणि बुकिंग करताना हॉटेल नक्की कुठे आहे ते विचारून घ्या, कारण साइटवर 'फोर्ट' नावाची हॉटेलं आतही आहेत आणि बाहेरही. दिवाळीच्या सुट्टीची बुकिंगं आत्ताच सुरू झालीत, आमच्या सोसायटीतलीच तीन कुटुंबं निघालीत, त्यामुळे येत्या एक-दोन रविवारांतच छापलंत तर उपयोग होईल.

आपली,
एक नियमित वाचक, कोथरूड, पुणे