लीड्सला जाणाऱ्यांनी 'व्हाइल'चा अर्थ आधी शिकावा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

परदेशी शिक्षणाच्या पुरवण्यांत आयईएलटीएसचे बँड, व्हिसा, बँकेतली शिल्लक यांवर भरपूर लिहून येते. पण लीड्स, शेफील्ड, ब्रॅडफर्डला निघालेल्या मुलांना तिथली, म्हणजे उत्तर इंग्लंडातल्या यॉर्कशर परगण्याची बोली कोणी समजावून सांगत नाही. मग बसचा ड्रायव्हर किंवा घरमालक बोलू लागला की मुले ठरवून टाकतात, 'हे लोक अशुद्ध इंग्रजी बोलतात.' हा समज साफ चुकीचा आहे.

सर्वांत घोटाळ्याचा शब्द 'व्हाइल'. तिकडे त्याचा अर्थ 'पर्यंत'. 'नाइन व्हाइल फाइव्ह' म्हणजे नऊ ते पाच. अर्धवेळ नोकरीत कोणी बजावले, 'डोन्ट स्टार्ट व्हाइल आय टेल यू', तर त्याचा अर्थ 'मी सांगेपर्यंत सुरू करू नकोस.' 'मी बोलत असताना नको' असा अर्थ घेतलात, तर त्याचे बोलणे संपताच तुम्ही कामाला हात घालाल, आणि तेच त्याला नको असते. 'टी'ला बोलावले तर बहुधा संध्याकाळी पाच-सहाचे पूर्ण जेवण असते, त्यामुळे पोटभर खाऊन जाऊ नये, 'डिनर' दुपारचे. 'यू ऑलराइट?' ही तब्येतीची चौकशी नव्हे. 'ऑलराइट' एवढे उत्तर पुरते. शेफील्डमध्ये पुरुषही पुरुषाला 'लुव्ह' (म्हणजे 'लव्ह') म्हणतो. त्यात आपल्या 'भाऊ', 'दादा'पेक्षा जास्त काही शोधू नये.

उच्चारांत पहिली अडचण 'उ'ची. बस 'बुस' होते, कप 'कुप'. दक्षिण इंग्लंडमध्ये हा स्वर सतराव्या शतकात बदलला, उत्तरेने जुनाच ठेवला. म्हणजे बिघडलेला उच्चार यॉर्कशरचा नाहीच. दुसरी अडचण 'द' (the) या उपपदाची. छापताना तिथे नुसता 'टी' आणि वर स्वल्पविराम दाखवतात, पण बोलताना बहुतेक वेळा जीभ कुठेच टेकत नाही, घसा क्षणभर बंद होतो. नवख्याला वाटते शब्दच गाळला. ब्रॅडफर्डचे 'ब्रॅटफर्ड' होते ते पुढच्या 'फ'मुळे: 'ड'चा घोष, म्हणजे स्वरतंतूंचा कंप, जातो आणि 'ट' उरतो. एक सोय मात्र मराठी कानाला आयती मिळते. 'फेस', 'गोट' यांतले ए आणि ओ तिथे पुष्कळदा सरळ, आपल्यासारखे असतात. लंडनसारखे वळत नाहीत.

व्याकरण तर आपल्याला ओळखीचे वाटावे असे आहे. जुन्या पिढीत 'दी' आणि 'था' अजून आहेत, म्हणजे चक्क 'तू'. 'मला अरे-तुरे करू नकोस' या अर्थाची म्हणही आहे. शेफील्डकर हेच शब्द 'ड'ने उच्चारतात म्हणून शेजारचे त्यांना 'डी-डार' म्हणतात. 'टेन पाउंड', 'फाइव्ह माइल' यांत अनेकवचन नाही, जसे आपण 'पाच मैल' म्हणतो. ओढ्याला 'बेक', खेळण्याला 'लेक' हे शब्द नॉर्स आहेत. 866 मध्ये यॉर्क घेणाऱ्या व्हायकिंगांच्या भाषेतले.

या बोलीला विद्वत्तेचा आधार नाही असेही कोणी समजू नये. ब्रॅडफर्डजवळ जन्मलेल्या जोसेफ राइट यांना पंधराव्या वर्षापर्यंत वाचता येत नव्हते. पुढे ते ऑक्सफर्डमध्ये प्राध्यापक झाले आणि 1898 ते 1905 या काळात इंग्रजी बोलींचा सहा खंडांचा कोश त्यांनी काढला. लीड्स विद्यापीठातून हॅरल्ड ऑर्टन यांनी 1950 ते 1961 दरम्यान 313 ठिकाणी, मुख्यतः खेड्यांतल्या वृद्धांकडून, हजारावर प्रश्न विचारून बोली नोंदवून घेतली. अहिराणी, मालवणीला 'गावंढळ' म्हणणाऱ्या आपल्या वर्गखोल्यांना हे काम कधी तरी दाखवायला हवे.

बेकरीत बन मागताना बहुतेक ठिकाणी 'ब्रेडकेक' म्हणावे. ब्रॅडफर्डच्या बाजूला साध्या बनलाच 'टीकेक' म्हणतात, आणि मनुका घातलेला हवा असेल तर 'करंट टीकेक' असे स्पष्ट सांगावे लागते. मँचेस्टरला गेलात की तोच बन 'बार्म' होतो.

एक मात्र कटाक्षाने टाळावे. पहिल्याच आठवड्यात त्यांची नक्कल करू नये. घशातल्या त्या अडकणीऐवजी जागोजागी 'ट' ठोकला, की ती थट्टा वाटते आणि माणूस दुखावतो. समजले नाही तर सरळ 'से दॅट अगेन, प्लीज' म्हणावे. दुसऱ्यांदा ते जरा सावकाश बोलतात.

आपला,
इंग्रजी भाषाशास्त्राचा एक अध्यापक, पुणे