घराघराच्या शिरगणतीच्या नोंदी जपा: मंडळाचे करवीरकरांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

जुने मोडी कागद आणि घराण्यांच्या नोंदी जपणाऱ्या आपल्या मंडळाची ओळख तुम्हाला करून द्यायला नको. वेळ थोडा आहे, म्हणून थेट विषयावर येतो. फेब्रुवारी २०२७ मध्ये जनगणनेचे प्रगणक आपल्या दारात येतील. २०११ नंतर पहिल्यांदाच, आणि या वेळी नोंद कागदावर नाही, मोबाइलवर होणार. गणनेचा संदर्भदिन, म्हणजे ज्या दिवसाची लोकसंख्या धरतात तो, १ मार्च आहे. आपलं कोल्हापूर संस्थान विलीन झालं तोही १ मार्चच, १९४९ चा. त्या दिवसाच्या आत आपली मागणी दिल्लीपर्यंत पोचली पाहिजे. मागणी एवढीच, की आकडे काढून झाल्यावर घरवार नोंदी पुसू नयेत. त्या १०० वर्षं मोहोरबंद ठेवाव्यात आणि मग वंशजांना पाहू द्याव्यात.

१९०१ साली कोल्हापूर संस्थानात नऊ लाख दहा हजारांच्या आसपास माणसं होती, हे आज कुणीही ग्रंथालयात बसून सांगेल. ती माणसं कोण होती, कुठल्या घरात कोण कोण राहत होतं, हे विचारा. उत्तर मिळत नाही. आकड्यांचे खंड छापून झाले की घराघराची पत्रकं राखायची, ही रीत आपल्याकडे रुजलीच नाही.

घराण्याचा माग काढायला साधनं नाहीत असं नव्हे. हेळवी, म्हणजे घराण्यांच्या वंशावळी सांभाळणारा, येतो, चोपडी उघडून पिढ्या म्हणून दाखवतो. पंढरपूरच्या, त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वह्या आहेत. फेरफार आहेत, कोतवाल बुक, म्हणजे गावची जन्म-मृत्यूची नोंदवही, आहे, शाळेचं जनरल रजिस्टर आहे. पण हेळव्याच्या तोंडी बहुतेक मुलग्यांचीच नावं येतात आणि फेरफाराला जमीनवालाच ठाऊक असतो. शाहू मिलमध्ये कामाला आलेली, भाड्याच्या खोलीत जन्म काढलेली, ना वतन ना गुंठाभर रान अशी माणसं कुठल्या दप्तरात शोधायची? माझ्या पणजीचं नाव आज आमच्या घरात कुणालाही माहीत नाही. वंशावळीत तिच्या जागी ‘कुटुंब’ एवढाच शब्द आहे. शिरगणतीत मात्र घरातल्या प्रत्येक माणसाची वेगळी ओळ असते, सुनेची, तान्ह्या पोराची, आश्रयाला राहिलेल्या मावशीचीही. तीच ओळ आपण हरवू देतो.

दुसरीकडे काय झालं ते बघा. ब्रिटनने १९२१ ची पत्रकं १०० वर्षं बंद ठेवून जानेवारी २०२२ मध्ये खुली केली. इंग्लंड-वेल्सची १९३१ ची पत्रकं १९४२ च्या आगीत जळाली, ती हळहळ तिथले लोक अजून बोलून दाखवतात. अमेरिकेत ७२ वर्षांनी नोंदी खुल्या होतात. ऑस्ट्रेलियात तर आपल्यासारखीच पत्रकं नष्ट करायची पद्धत होती. घराण्यांचा इतिहास शोधणाऱ्यांनी पाठपुरावा केला आणि २००१ पासून जे कुटुंब संमती देईल त्याची माहिती ९९ वर्षं जपून ठेवायचं ठरलं. साध्या माणसांनी मागितलं म्हणून ते झालं.

जनगणना कायदा १९४८ च्या कलम १५ प्रमाणे या नोंदी कुणाला पाहता येत नाहीत, आणि ते योग्यच आहे. आज शेजाऱ्याची माहिती कुणी बघावी असं आम्ही म्हणत नाही. नातवाच्या नातवाला बघता यावी, एवढंच म्हणतो. त्यासाठी कायद्यात दुरुस्ती हवी, म्हणून कोल्हापूर आणि हातकणंगले या दोन्ही मतदारसंघांच्या खासदारांना सह्यांचं निवेदन द्यायचं आहे.

हे काम आपण करू शकतो, कारण याहून अवघड काम आपण केलं आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी मंडळाच्या जागेत शिरलं तेव्हा मोडीचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, डोक्यावर घेऊन माडीवर नेणारी आपलीच पोरं होती. तालमीची पोरं, त्यांना मोडीचं अक्षर येत नव्हतं. भिजलेले कागद वाळवायला शाहूपुरीतल्या गूळ व्यापारी काकांनी अख्खं गोदाम मोकळं करून दिलं आणि तीन महिन्यांत भाड्याचा शब्द काढला नाही. महाद्वार रोडच्या दुकानदारांनी टीपकागद पुरवला. उद्यमनगरातल्या एका कारखानदार दादांनी कागद ठेवायला लोखंडी घोडे करून दिले. रंगाचे पैसेसुद्धा घेतले नाहीत. मोडीचे वर्ग चालवणारे आपले गुरुजी वयाच्या ऐंशीव्या वर्षी कागलहून एसटीने येत राहिले. एका शिक्षिका ताईंनी पेन्शनचा पहिला महिना मंडळाला दिला आणि नाव छापू नका म्हणून बजावलं. म्हणून छापत नाही, पण विसरलोही नाही. सीमाभागातल्या त्या हेळवी बाबांनी वाडवडिलांच्या चोपड्या आमच्यासमोर उघडल्या. त्यांच्या विश्वासाची किंमत पैशात होत नाही.

एक गोष्ट मात्र मनाला लागली आहे, ती लिहितोच. २०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मंडळाच्या जिन्यावर उभं राहायला जागा नव्हती. रात्री अकरापर्यंत बसून आपल्या मोडी वाचकांनी लोकांना नोंदी काढून दिल्या, चहासुद्धा स्वतःच्या पैशाने प्याले. गेल्या दिवाळीत त्याच घरांना दोनशे पत्रं टाकली, उत्तरं आली सतरा. दाखला मिळाला की दप्तराची आठवण राहत नाही. त्याच सुमारास एका कार्यालयाची जुनी रजिस्टरं रद्दीवाल्याच्या हातगाडीवर दिसली. आम्ही पोचेपर्यंत अर्धी गेली होती.

निवेदनाची छपाई, दिल्लीला दोघांचं जाणं-येणं, चोपड्यांसाठी एक स्कॅनर आणि मोडी वाचकांचं मानधन मिळून सव्वा लाख लागतील. चाळीस हजार जमले आहेत. ज्यांना पैसे जमणार नाहीत त्यांनी आपल्या गल्लीतल्या पन्नास सह्या आणाव्यात. सह्यांचे कागद व पावतीपुस्तक नेहमीच्या जागी, शनिवारी-रविवारी संध्याकाळी ५ ते ८. खाते क्रमांक जुन्या पावतीच्या मागे आहे, तोच चालू आहे. चेक मंडळाच्या नावाने. घरातली वंशावळ, जुने दाखले, लग्नपत्रिका असतील तर मूळ कागद देऊ नका, समोर बसून फोटो काढून घेऊ. सह्या दसऱ्यापर्यंत हव्यात. गुरुजींना ऐकायला कमी येतं, त्यांना फोन न करता येऊन भेटावं.

आपला,
सचिव