धाकट्याच्या बाप्तिस्म्यावरून

ऑक्सफर्ड

प्रिय पप्पा,
सप्रेम सलाम.

मम्मी सांगत होती, धाकटा आता नुसत्या येशूच्या नावाने पुन्हा बाप्तिस्मा घ्यायचं म्हणतोय आणि तुम्ही त्याच्याशी बोलणं टाकलंय. रागाच्या भरात त्याला ‘यहोवाचा साक्षीदार’ म्हणालात म्हणे. पप्पा, भांडायचंच तर निदान बरोबर मुद्द्यावर भांडा. त्या पंथाचे लोक पुत्राला, म्हणजे येशूला, देवाने निर्माण केलेला मानतात. अलेक्झांड्रियाच्या एरियसचं म्हणणं याच वळणाचं होतं, आणि त्यावरूनच 325 साली नायसियाला सभा भरून पुत्र पित्याशी एकतत्त्व असल्याचं ठरलं. आपला धाकटा बरोबर दुसऱ्या टोकाला आहे. त्याच्या मंडळीत येशू हाच पूर्ण देव. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या वेगळ्या व्यक्ती नाहीत, एकाच देवाने घेतलेली रूपं. तिसऱ्या शतकात सबेलियस जवळपास हेच शिकवायचा. अमेरिकेतल्या पेंटेकॉस्टल लोकांत, म्हणजे पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणाऱ्यांत, ते पुन्हा उफाळलं, आणि 1916 मध्ये त्यांच्या ‘असेंब्लीज ऑफ गॉड’ या संघटनेने त्रैक्याचा, म्हणजे तीन व्यक्ती पण देव एकच या मताचा, आग्रह धरल्यावर ही मंडळी बाहेर पडली. ते प्रेषितांची कृत्ये 2:38 दाखवतात, तिथे बाप्तिस्मा येशूच्या नावाने; आपण मत्तय 28:19, तिथे पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने.

आणि राग येणार नसेल तर सांगते. त्रैक्य म्हणजे बर्फ, पाणी आणि वाफ, असं संडे स्कूलमध्ये आम्हाला कोणी शिकवलं? तेच पाणी कधी बर्फ, कधी वाफ, हे तर सबेलियसचंच मत झालं! धाकट्याने तुमचं जरा जास्तच ऐकलं.

मला त्याचं पटत नाही. येशूच्या बाप्तिस्म्याच्या वेळी यार्देन नदीत तिघे एकदमच दिसतात: पुत्र पाण्यात आहे, आत्मा कबुतरासारखा उतरतोय, आणि आकाशातून पित्याची वाणी येतेय. गेथशेमाने बागेत येशू प्रार्थना करतो ती कोणाला? हे त्याला विचारा. पण विचारा, दरडावू नका.

इथे माझ्या घरात एक ग्रीक मुलगी राहते, पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चची. आपण मतांगीकारात, म्हणजे चर्चमध्ये म्हणतो त्या विश्वासाच्या कबुलीत, आत्मा ‘पिता व पुत्र यांपासून’ निघतो म्हणतो, ते ऐकून ती चिडते. तिच्या चर्चमध्ये फक्त ‘पित्यापासून’. 381 च्या मूळ मतांगीकारात ‘पुत्र’ नव्हताच. तो पश्चिमेकडच्यांनी मागून घातला आणि रोममध्ये 1014 पासून म्हटला जाऊ लागला. पूर्वेकडच्यांना न विचारता घातला, हे तिचं खरं दुखणं. मला त्यात तथ्य वाटतं. बिशपसाहेबांना सांगू नका.

पंडिता रमाबाईंचा फोटो तुम्ही हॉलमध्ये लावलाय ना? त्यांचा बाप्तिस्मा झाला ते वाँटेज इथून फार लांब नाही. पुण्यात पंचहौदला ज्या सिस्टर्स आल्या, त्यांचा मठ तिथलाच. 1883 मध्ये बाप्तिस्मा झाला, आणि पुढच्या दोन वर्षांत त्रैक्यावरून तिथल्या सिस्टर जेराल्डिनशी त्यांची पत्रांतून जुंपली. बाई तेव्हा चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात होत्या. त्रैक्य ठासून सांगणारा, अथनेशियसच्या नावाचा मतांगीकार त्यांना मान्य नव्हता. बायबलमधून जे पटेल तेवढंच मानेन, हा त्यांचा हट्ट. सिस्टरना धास्ती की ही युनिटेरियन, म्हणजे त्रैक्य न मानणारी, होणार. चेल्टनहॅमच्या प्रिन्सिपल डोरोथिया बील मात्र रमाबाईंचं ऐकून घेत राहिल्या. आणि पुढे काय झालं? बॉस्टनला 1887 मध्ये ‘रमाबाई असोसिएशन’ निघाली, तिचे अध्यक्ष एडवर्ड एव्हरेट हेल हे युनिटेरियन पाळक. त्याच संस्थेच्या पैशावर रमाबाईंची विधवांसाठीची शाळा, शारदा सदन, चालली, जी 1890 मध्ये आपल्या पुण्यात आली. म्हणजे त्रैक्य न मानणाऱ्यांच्या पैशानेही पुण्यातल्या विधवा शिकल्या. यावर तुम्ही काय म्हणाल ते ऐकायचंय मला.

पुन्हा बाप्तिस्मा घेऊ नको, हे मीही त्याला सांगणार आहे. ‘एकच बाप्तिस्मा’ असं आपण दर रविवारी म्हणतो, आणि त्याचा तर झालेला आहे. पण तो ऐको न ऐको, त्याचं ताट घरातून उठता कामा नये. शनिवारी रात्री फोन करते, तेव्हा त्याला जेवायला थांबवून घ्या. मम्मीला गुडघ्याचं औषध वेळेवर घ्यायला सांगा.

तुमची,
बेबी