आधी बापांना दाखवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘ॲडोलेसन्स’ या ब्रिटिश मालिकेवर आपल्या पुरवणीत आलेला लेख आणि त्यावरची वाचकांची पत्रे वाचली. बहुतेकांचा सूर एकच : मुलांच्या हातातला मोबाइल काढून घ्या. एका वाचकाने तर ही मालिका आठवी-नववीच्या वर्गांत दाखवावी, असे सुचवले आहे. ब्रिटनमध्ये मार्च २०२५ मध्ये ती प्रदर्शित झाल्यावर तेथील माध्यमिक शाळांना मोफत उपलब्ध करून देण्यात आली आणि पंतप्रधान कीर स्टार्मर यांनी त्याला जाहीर पाठिंबा दिला, हे खरे. तरीही आपल्याकडे तिचा पहिला प्रेक्षक विद्यार्थी नव्हे, त्याचा बाप असावा, असे मला वाटते.

आणखी एका पत्रात ही सत्यकथा असल्याचे म्हटले आहे. तसे नाही. मुलांनी मुलींवर केलेल्या चाकूहल्ल्यांच्या बातम्यांनी अस्वस्थ होऊन स्टीफन ग्रॅहम आणि जॅक थॉर्न यांनी ती लिहिली; कोणत्या एका प्रकरणाची ती नक्कल नाही. चार भाग आहेत आणि फिलिप बॅरंटिनी या दिग्दर्शकाने प्रत्येक भाग कुठेही न कापता सलग एका दमात चित्रित केला आहे. हे तंत्र मिरवण्यापुरते नाही. पहाटे पोलीस दार फोडून आत शिरतात, तेरा वर्षांच्या जेमीला वर्गातल्या मुलीच्या खुनाच्या संशयावरून अंथरुणातून उचलतात, भीतीने त्याची पँट ओली होते. आणि नजर वळवायला आपल्याला जागाच मिळत नाही.

चौकीवर अल्पवयीन मुलाजवळ एक मोठे माणूस थांबावे लागते. कोण हवे, असे विचारल्यावर जेमी आईचे नव्हे, वडिलांचे नाव घेतो. माझ्या लेखी मालिका इथे सुरू होते. एडी हा प्लंबर, कष्टाळू, तापट, पण दुष्ट अजिबात नाही. त्याचा बाप त्याला पट्ट्याने मारायचा, म्हणून आपल्या मुलावर हात उगारायचा नाही, हे त्याने ठरवले आणि पाळलेही. मुलगा नाजूक वाटतो म्हणून त्याला फुटबॉलला नेले. तिथे जेमीचा खेळ फसला की बाकीचे हसत आणि एडी दुसरीकडे बघत असे. बापाला आपली लाज वाटते, हे मुलाला कळले होते.

तिसरा भाग तर शिक्षणशास्त्राच्या पदविकेत लावावा असा आहे. एक खोली, एक टेबल, जेमी आणि मानसशास्त्रज्ञ ब्रायनी. ती त्याच्यासाठी हॉट चॉकलेट आणि अर्धे सँडविच घेऊन येते. गप्पा मारता मारता तो हसतो, लाडात येतो, आणि दुसऱ्या क्षणी उभा राहून तिच्यावर असा ओरडतो की एक प्रौढ, शिकलेली बाई मनातून हादरते. ‘पुरुष म्हणजे काय’ हे ती त्याला आडून आडून विचारत राहते. त्याच्यापाशी धड उत्तर नाही. ते त्याने इंटरनेटवर शोधले. मुली ऐंशी टक्के मुलांकडे ढुंकूनही बघत नाहीत, असे तिथे त्याला सांगणारे भेटले. जेमी साकारणाऱ्या ओवेन कूपर या मुलाचे हे पहिलेच काम. त्यासाठी पंधराव्या वर्षी त्याला प्राइमटाइम एमी हा टीव्हीचा पुरस्कार मिळाला. अभिनयासाठी इतक्या लहान वयात तो मिळवणारा मुलगा आजवर झाला नव्हता.

मोबाइलचा दोष मी नाकारत नाही. पण जेमीच्या घरी कॉम्प्युटर आईवडिलांनीच हौसेने घेऊन दिला होता. रात्री एकलाही त्याच्या खोलीतला दिवा जळत असायचा. पोरगा घरात आहे, बाहेर उंडारत नाही, म्हणजे सुखरूप आहे, असे ती दोघे धरून चालली. हे वाक्य मी शिक्षक असताना कराडात, साताऱ्यात पालकांच्या तोंडून पुष्कळदा ऐकले आहे. फक्त आयांच्या तोंडून, कारण पालकसभेला येतात त्याच. बाप येतो तो सही करायला, नाहीतर मारामारीची तक्रार गेल्यावर. आणि आल्या आल्या पोराला सगळ्यांदेखत एक ठेवून देतो.

मालिकेत मला खटकलेली गोष्टही आहे. मेलेली मुलगी केटी आपल्याला जवळजवळ भेटतच नाही. तपासात असलेली पोलीस अधिकारी मिशा हे दुसऱ्या भागात बोलून दाखवते : सगळ्यांना जेमी लक्षात राहील, केटी कुणालाच नाही. लेखकांना उणीव ठाऊक होती, मग एखादा भाग तिच्या घरात का घडू नये? आपल्याकडे आलेल्या पत्रांतही तिचे नाव एकदाच आले आहे.

आता सूचना. वर्गात ही मालिका लावली तर मुले त्यातल्या इमोजींच्या खाणाखुणांच्या भाषेवर हसतील, शिक्षक अवघडतील. एखाद्या शाळेने रविवारी सकाळी फक्त वडिलांना बोलवावे. तिसरा आणि चौथा भाग दाखवावा, दोन तासांचे काम आहे. नंतर भाषण नको, चहा पुरे. बोलायचे तो बोलेल. आणि कृपा करून त्या दिवशी प्रगतिपुस्तके वाटू नयेत, नाहीतर सगळी चर्चा गणिताच्या मार्कांवरच होईल.

आपला,
एक निवृत्त माध्यमिक शिक्षक, कराड