अवाढव्य रिपॉझिटरीला 'डेप्थ १' हा उपाय नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या तंत्रज्ञान पुरवणीत गिट या कोडमधले बदल नोंदवणाऱ्या साधनाच्या अवाढव्य रिपॉझिटरी (कोड आणि त्याच्या इतिहासाचे संग्रह) कमांड लाइनवरून कशा हाताळाव्यात, यावर आलेला लेख वाचला. मराठी दैनिकाने हा विषय घेतला याचा आनंद आहे. परंतु क्लोनला (रिपॉझिटरीची प्रत आपल्या संगणकावर उतरवायला) वेळ लागत असेल तर 'डेप्थ १' हा फक्त शेवटची नोंद आणणारा पर्याय द्यावा आणि मोकळे व्हावे, एवढ्यावर लेखकाने विषय आटोपला आहे. एकदा बिल्ड करून पुसून टाकायच्या सर्व्हरसाठी हा सल्ला योग्यच आहे. ज्याला त्याच रिपॉझिटरीत रोज काम करायचे आहे त्याला मात्र तो महागात पडतो, म्हणून हा पत्रप्रपंच.

'डेप्थ १' ने नेमके काय वगळले जाते, हे आधी पाहायला हवे. अशा शॅलो (उथळ) क्लोनमध्ये शेवटची कमिट (बदलांची नोंद) आणि तिच्यातल्या झाडून साऱ्या फाइली येतात. तुटतो तो फक्त इतिहास. वर्किंग डिरेक्टरीत पाच लाख फाइली असतील तर त्या पाच लाखच राहतात आणि 'गिट स्टेटस' पूर्वीइतकाच वेळ घेते, कारण प्रत्येक फाइल बदलली आहे का हे त्याला तपासावेच लागते. दुसरीकडे कमिटची यादी देणारा 'गिट लॉग' एकाच नोंदीवर थांबतो, कोणती ओळ कोणत्या कमिटमधली हे सांगणारी 'गिट ब्लेम' प्रत्येक ओळ त्याच एका कमिटच्या नावावर टाकते, बिघाड कोणत्या कमिटने आला हे शोधणाऱ्या 'बायसेक्ट'ला मागे जायला जागा उरत नाही आणि दोन ब्रँचचा (कामाच्या स्वतंत्र शाखांचा) समान पूर्वज सापडत नसल्यामुळे त्यांचे मर्ज (एकत्रीकरण) अडते. मग वैतागून सर्व्हरवरचे नवे बदल आणणाऱ्या 'गिट फेच'ला 'अनशॅलो' (पूर्ण इतिहास आणा) हा पर्याय दिला जातो आणि सुरुवातीला टाळलेला सगळा डेटा ऐन कामाच्या वेळी उतरवत बसावे लागते.

मुळात लांबलचक इतिहास हे गिटचे मोठे दुखणे नाही. लिनस टोर्वाल्ड्स यांनी २००५ मध्ये गिट लिहिले ते लिनक्स कर्नलसाठी, आणि त्या कर्नलच्या कमिट दहा लाखांच्या पुढे गेल्या तरी त्याचा पूर्ण क्लोन साध्या लॅपटॉपवर ठेवता येतो. गिट अडखळते ते फाइलींच्या संख्येपाशी आणि बायनरी फाइलींच्या वजनापाशी. मायक्रोसॉफ्टने विंडोजचा कोड गिटवर आणला, त्याबद्दल २०१७ मध्ये जाहीर झालेले आकडे सुमारे ३५ लाख फाइली आणि ३०० जीबी असे होते. एवढा पसारा पेलण्यासाठी त्यांना आधी वेगळी आभासी फाइल सिस्टीम लिहावी लागली, आणि त्या खटाटोपातून सुचलेल्या बऱ्याच सुधारणा पुढे मूळ गिटमध्ये आल्या. लेखात नेमका त्यांचाच उल्लेख नाही.

त्यातली सर्वांत उपयोगी सोय म्हणजे पार्शल क्लोन. क्लोन करताना 'फिल्टर'ला 'ब्लॉब:नन' असे मूल्य दिले की सर्व कमिट आणि डिरेक्टरींची रचना येते, परंतु जुन्या फाइलींचा मजकूर लागेल तेव्हाच आणला जातो. लॉग, समान पूर्वज, ब्रँचची तुलना हे सारे जागच्या जागी राहते. अडचणी याही मार्गात आहेत. नेटवर्क नसताना जुन्या फाइलीवर 'ब्लेम' चालवता येत नाही आणि असतानाही ते रखडत चालते, कारण प्रत्येक जुनी प्रत मागवावी लागते. त्यासाठी २०२५ मधल्या २.४९ आवृत्तीत 'गिट बॅकफिल' ही प्रायोगिक कमांड आली, ती राहिलेला मजकूर गठ्ठ्याने आणते. शिवाय सर्व्हरवर फिल्टरची परवानगी नसेल तर क्लोन थांबत नाही. फिल्टरकडे दुर्लक्ष केल्याची एक ओळ टर्मिनलवर येऊन वर सरकून जाते आणि पूर्ण क्लोन मुकाट्याने सुरू राहतो. ती ओळ सहसा कोणी वाचत नाही.

फाइलींच्या संख्येवर इलाज 'स्पार्स चेकआउट'चा, म्हणजे निवडक डिरेक्टरीच डिस्कवर आणण्याचा. ही स्वतंत्र कमांड २०२० पासून, म्हणजे २.२५ आवृत्तीपासून आहे. 'स्पार्स' पर्याय देऊन क्लोन केल्यास डिस्कवर फक्त वरच्या पातळीवरच्या फाइली येतात. नंतर 'सेट' देऊन आपल्याला हव्या त्या डिरेक्टरी मागवायच्या. येथे एक बारकावा आहे: डिस्कवर फाइली कमी दिसल्या तरी गिटच्या इंडेक्समध्ये (फाइलींच्या अंतर्गत यादीत) नोंदी सर्वांच्याच असतात, त्यामुळे रिपॉझिटरी खरोखर प्रचंड असेल तर 'स्पार्स इंडेक्स'ही (ही यादी आटोपशीर ठेवणारी सोय) चालू करावा लागतो. एवढे पर्याय लक्षात ठेवण्याचा कंटाळा असेल त्याने 'स्कॅलर क्लोन' वापरावे. ऑक्टोबर २०२२ च्या २.३८ आवृत्तीपासून ते गिटबरोबरच मिळते आणि यातले बरेचसे आपणहून जुळवून देते. फक्त कोड 'एसआरसी' नावाच्या आतल्या डिरेक्टरीत सापडतो, हे पाहून गोंधळू नये. 'गिट मेंटेनन्स स्टार्ट' ही कमांड एकदाच द्यायची असते. त्यानंतर सर्व्हरवरचे नवे ऑब्जेक्ट (गिटने साठवलेला डेटा) पडद्याआड वरचेवर आणून ठेवले जातात आणि सकाळचा फेच झटकन उरकतो.

लेखातले आणखी एक विधान सरळ चूक आहे. मोठी फाइल 'गिट आरएम' ने काढून कमिट केली की रिपॉझिटरी हलकी होते, असे त्यात म्हटले आहे. तसे होत नाही. फाइल पुढच्या कमिटमधून जाते, इतिहासात असते तिथेच राहते. फाइल काढण्याआधी आणि नंतर 'गिट काउंट-ऑब्जेक्ट्स' ही कमांड '-v' पर्यायासह चालवून पॅकचा (गिटच्या एकत्र बांधून ठेवलेल्या डेटाचा) आकार पाहिला तर लेखकाचीही खात्री पटेल. इतिहासातून फाइल उपटायची तर 'फिल्टर-रेपो' हे स्वतंत्र साधन घ्यावे लागते, आणि ते वापरले की त्या जागेपासून पुढच्या प्रत्येक कमिटचा हॅश (ओळखचिन्ह) बदलतो. म्हणून हे काम दिवस ठरवून, सर्वांना आधी कळवून करावे आणि सगळ्यांनी जुने क्लोन टाकून नवे घ्यावेत. एखाद्याने जरी जुन्या क्लोनमधली ब्रँच पुश केली (सर्व्हरवर पाठवली) तरी काढून टाकलेली फाइल सर्व्हरवर पुन्हा हजर होते. निदान या विधानाची दुरुस्ती आपण पुढच्या पुरवणीत छापावी, ही विनंती.

कळावे,
आपला,
एक नियमित वाचक