प्रथाबंदीचा ठराव माजघरापर्यंत पोहोचावा

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आपल्याकडे घरोघर हळदीकुंकू चालते. या दिवसांत संध्याकाळी गल्लीतून जाताना मी अजूनही पावले भराभर उचलते. कारण एखाद्या दारात वाण देणे चालू असेल, तर मला पाहून त्या घरच्या बाईची अडचण होईल, असे वाटते. मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका आहे. पती जाऊन नऊ वर्षे झाली. या नऊ वर्षांत ‘तू येऊ नकोस’ असे मला कोणीही, एकदाही, तोंडाने म्हटलेले नाही. विधवा प्रथेविषयी आपल्याकडे बरेच लिहिले जाते. परंतु ही न बोलता चालणारी बंदी कशी चालते, याविषयी फारसे लिहिले जात नाही. म्हणून हा पत्रप्रपंच.

यजमानांची अंत्ययात्रा निघण्यापूर्वी माझ्या बांगड्या फोडल्या त्या माझ्या थोरल्या जाऊबाईंनी. माझ्या दोन्ही बाळंतपणांत त्यांनीच माझे सगळे केले होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते, आणि हात मात्र ठरलेले काम करीत होते. त्यांच्या मनात माझ्याविषयी कणभरही दुष्टावा नव्हता, आजही नाही. आणखी एक गोष्ट सांगणे मला भाग आहे. त्याच्या कितीतरी वर्षे आधी माझ्या चुलत सासूबाईंवर हीच वेळ आली, तेव्हा त्यांचा हात धरून ठेवणाऱ्या बायकांत मीही होते. त्या वर्षीही ३ जानेवारीला मी वर्गात सावित्रीबाई फुले यांच्याविषयी मनापासून बोलले होते. शाळेतली मी आणि त्या अंगणातली मी, या दोघींची गाठ कधी पडलीच नाही. चार बायकांच्या घोळक्यात उभे राहिले की काय करायचे ते आपल्याला आधीपासूनच ठाऊक असते. विचार करावा लागतो तो फक्त न करण्यासाठी, आणि तेवढी उसंत त्या क्षणी कोणालाच नसते.

समाज माणसाला घडवतो असे आपण म्हणतो, तेव्हा डोळ्यांपुढे पंच, धर्मगुरू किंवा घरातला करारी म्हातारा येतो. माझा अनुभव वेगळा आहे. कुंकवाची डबी मी स्वतःच कपाटाच्या वरच्या खणात ठेवली. पुतण्याच्या लग्नात हळद लावायच्या वेळी मी स्वतःच स्वयंपाकघरात जाऊन बसले. लग्नपत्रिकेत नावाआधी ‘सौ.’ऐवजी ‘गं. भा.’ आले, तेव्हा ते मला चुकीचे वाटले नाही. ते माझेच नाव आहे असे वाटले. दोन अक्षरांनी माणसाची ओळख बदलते आणि त्याला स्वतःलाही ती पटते, ही या प्रथेची खरी ताकद आहे. एप्रिल २०२३ मध्ये ‘विधवा’ या शब्दाऐवजी ‘गंगा भागीरथी’ असा शब्द वापरण्याचा प्रस्ताव पुढे आला आणि त्यावर राज्यभर वाद झाला. शब्द आदराचा असला, तरी नवरा असलेली आणि नसलेली अशी स्त्रियांची वाटणी त्याने तशीच राहते, हे विरोध करणाऱ्यांचे म्हणणे मला योग्य वाटते.

ही रीत सनातन आहे असे सांगणाऱ्यांनी आपल्याच प्रांताचा इतिहास पाहावा. महाराष्ट्रात शेती आणि पशुपालन करणाऱ्या अनेक जातींत पती गेलेल्या स्त्रीचा ‘पाट’ लावण्याची, म्हणजे तिचे दुसरे लग्न लावून देण्याची रीत होती. काही ठिकाणी त्याला ‘मोहतूर’ म्हणत. ज्या घराण्यांना आपली प्रतिष्ठा वाढवायची होती, त्यांनी वरच्या मानल्या गेलेल्या जातींचे अनुकरण करून पाट बंद केला. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी अशा अनुकरणाला ‘संस्कृतीकरण’ असे नाव दिले आहे. म्हणजे एकाच गावात, एकाच काळात, एका आळीतल्या विधवेचे पुन्हा लग्न होत होते आणि दुसऱ्या आळीतल्या विधवेचे केशवपन होत होते. दुःख दोघींचे सारखेच होते. त्या दुःखानंतर कसे वागायचे, हे मात्र ज्या समूहात जन्म झाला त्याने ठरवले.

विधवेच्या पुनर्विवाहाला मान्यता देणारा कायदा १८५६ मध्ये झाला. तो होऊन ३७ वर्षे लोटल्यावर, १८९३ मध्ये, धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला, तेव्हा कोकणातील त्यांच्या मुरूड गावच्या लोकांनी सभा भरवून त्यांच्यावर बहिष्काराचा ठराव केला. कायदा कर्व्यांच्या बाजूने होता, गाव नव्हते. उलट बाजूचे उदाहरणही आपल्याच मातीतले आहे. १८९० मध्ये मुंबईतील नाभिकांनी एकत्र येऊन विधवांचे केशवपन करणार नाही असे ठरवले. महात्मा फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांची प्रेरणा त्यामागे होती. हा प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. त्या लोकांनी कोणाला उपदेश केला नाही. ज्या हातांवाचून प्रथा चालू शकत नव्हती, ते हात त्यांनी काढून घेतले, आणि तेही एकेकट्याने नव्हे, सगळ्यांनी मिळून. एकट्याने नकार दिला असता, तर त्याचे गिऱ्हाईक शेजारच्याकडे गेले असते.

म्हणूनच कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये केलेला ठराव मला कायद्याहून महत्त्वाचा वाटतो. कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, बांगड्या फोडणे, जोडवी काढणे हे प्रकार गावात बंद करावेत, असा तो ठराव होता. ते राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचे वर्ष होते, आणि करोनाच्या साथीत ऐन तारुण्यात विधवा झालेल्या मुलींचे दुःख गावोगावी ताजे होते. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हे अनुकरण करण्याचे आवाहन केले. मुरूडच्या सभेने जे हत्यार वापरले होते, तेच हेरवाडने उलट्या बाजूने वापरले. जी गोष्ट गावाने लादली, ती गावच उतरवू शकते.

पुढे अनेक गावांनी असे ठराव केले. आमच्या भागातल्या एका गावातही झाला. मात्र त्यानंतर तिथे झालेल्या एका मृत्यूच्या वेळी मी हजर होते. परगावाहून आलेल्या नातेवाईक बायकांना ठरावाची कल्पना नव्हती, ज्यांना होती त्यांना त्या वेळी बोलणे प्रशस्त वाटले नाही, आणि सगळे पूर्वीसारखेच पार पडले. तिशीही न ओलांडलेली ती मुलगी होती. ठराव ग्रामपंचायतीच्या दप्तरात होता आणि बांगड्यांच्या काचा अंगणात होत्या. मी त्या वेळीही काही बोलले नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

माझी विनंती आहे की असा ठराव केलेल्या गावांनी मृत्यूची वार्ता कळताच दोन-तीन बायकांना त्या घरी पाठवण्याची पद्धत पाडावी. ग्रामपंचायतीच्या सदस्या असोत, आशाताई असोत किंवा बचत गटातल्या बायका. त्यांनी त्या स्त्रीजवळ बसावे आणि जमलेल्यांना ‘आमच्या गावात हे करीत नाहीत’ एवढेच सांगावे. ‘हे चूक आहे’ असे दुःखाच्या घरात म्हटले की वाद होतो. ‘आमच्यात असे नसते’ हे वाक्य मात्र आपल्या माणसांना लगेच कळते, कारण आजवरची प्रत्येक रूढी याच वाक्यावर चालत आलेली आहे. बचत गटांनी आणि लोकप्रतिनिधींनी भरवलेल्या हळदीकुंकवाच्या फलकांवर ‘सुवासिनींसाठी’ऐवजी ‘सर्व महिलांसाठी’ असे लिहावे आणि वाण देण्यास विधवा स्त्रीपासून सुरुवात करावी. जिला कुंकू लावावेसे वाटत नाही, तिच्यावर सक्ती अजिबात नको. ती तिची इच्छा आहे. पण ती तिचीच इच्छा आहे की आमच्या नजरांनी घडवलेली, हे तिला स्वतःला तरी कळण्याइतका मोकळेपणा तिच्याभोवती असला पाहिजे. मला ते कळायला नऊ वर्षे लागली.

येत्या रथसप्तमीला मी माझ्या घरी हळदीकुंकू ठेवले आहे. पहिले बोलावणे देण्यासाठी मी त्याच चुलत सासूबाईंकडे गेले, ज्यांचा हात मी एके काळी धरून ठेवला होता. त्या आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मी उठून दारापर्यंत आले, तेव्हा त्यांनी आतून विचारले, “किती वाजता यायचं?”

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका,
जि. सांगली