घरच्या वायफायबाबत सर्व सभासदांना सूचना

सस्नेह नमस्कार. कोथरूडमधल्या आपल्या सोसायटीत भिंतीला भिंत लागून आहे. घरातलं वायफाय जिन्यात, पार्किंगमध्येही पोचतं. म्हणून कळकळीची विनंती: राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता, बटण दाबून किंवा पिन देऊन वायफायला जोडण्याची सोय) आजच बंद करा. त्याचा पिन ८ अंकी असला, तरी तो दोन तुकड्यांत तपासला जातो. त्यामुळे जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत तो सापडू शकतो, मग तुमचा पासवर्ड कितीही अवघड असो. सेटिंगमध्ये वायफायच्या सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ ठेवा. राउटरचा मूळ अ‍ॅडमिन पासवर्डही (राउटरची सेटिंग उघडण्याचा) बदला, हा हमखास राहून जातो. पाहुण्यांना गेस्ट नेटवर्क (त्याच राउटरवरचं वेगळं वायफाय) द्या. ज्येष्ठ सभासदांनी संकोच न करता कळवावं, समितीतलं कोणीतरी घरी येऊन करून देईल.

– सचिव